खिशातली चौकट नव्वी

१

मशीनमध्ये कपडे टाकण्याआधी खिसे उलटे करून बघायचे, ही शिस्त मला लग्नानंतर लागली. ह्यांच्या खिशातून काय निघेल याचा नेम नसे. खडू, बसची तिकिटं, पेपरमिंटचे कागद. एकदा एक अर्धवट सोडवलेलं गणित धुऊन निघालं, तेव्हा दोन दिवस घरात अबोला होता.

हॉस्पिटलने ह्यांचे कपडे पिशवीत बांधून दिले होते. ती पिशवी मी कपाटाच्या तळाशी टाकली आणि विसरले. विसरले म्हणजे, रोज आठवण व्हायची आणि रोज विसरल्यासारखं करायची. शेवटी एका दुपारी उघडली, शर्ट बाहेर काढला, सवयीने खिसा उलटा केला. फरशीवर एक पत्ता पडला. चौकट नव्वी.

मी मशीनशेजारच्या स्टुलावर बसले. रडू आलं नाही. हे गेल्यापासून ते आलंच नव्हतं. दाढ काढताना हिरडीला भूल देतात, मग गाल चावला गेला तरी कळत नाही, तसं माझं सगळं झालं होतं. लोक म्हणत, किती धीराची बाई. धीर कसला, डोंबल. आत कोणी घरीच नव्हतं.

हे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, तेव्हा मागच्या खोलीत दर शनिवारी पत्त्यांचा वर्ग सुरू केला. पत्ते खेळण्याचा नव्हे, मोजण्याचा. कोणते पत्ते पडून गेले, कोणते राहिले, हवा तो पत्ता येण्याची शक्यता किती. शेजाऱ्याने एकदा विचारलं, सर, या वयात जुगार शिकवता? हे म्हणाले, नाही हो, जुगार न खेळायला शिकवतो. ज्याला शक्यता काढता येते तो अड्ड्यावर बसत नाही, घरी जाऊन झोपतो.

पहिला धडा नेहमी एकच. शिष्य समोर बसला की हे कॅट पिसायचे, त्याच्याकडून काटून घ्यायचे आणि वरचा पत्ता स्वतःही न बघता छातीवरच्या खिशात टाकायचे. मग शिष्याने उरलेले पत्ते एकेक उलटत मनात मोजायचं. दुरीपासून छक्कीपर्यंतच्या लहान पत्त्याला अधिक एक. दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या मोठ्याला उणे एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी यांना शून्य. सगळे पत्ते असले तर शेवटी बेरीज शून्यच येते. म्हणून शेवटी उणे एक आलं तर खिशात लहान पत्ता आहे, अधिक एक आलं तर मोठा, आणि शून्य आलं तर मधल्या तिघांपैकी कोणीतरी. शिष्याने उत्तर सांगितलं की हे खिशात हात घालून पत्ता टेबलावर ठेवायचे. त्या वेळचा ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा असे.

समोर कोणी नसताना हे पत्ता खिशात टाकत नसत. स्वतःपासून लपवायचं काय?

आणि हे गेले तो रविवार होता. रविवारी वर्ग नसतो. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला गेले होते. आमचं दुकान रविवारी उघडं असतं. ह्यांचं हृदय तसं कमजोरच, म्हणून लेक घरी थांबणार होती. पण ह्यांनीच तिला पिटाळलं, जा गं, तो वाट बघत असेल. तो म्हणजे आमचा होणारा जावई. दोघं संध्याकाळी परत आले तेव्हा हे मागच्या खोलीत खुर्चीत होते, मान छातीवर. जिभेखाली मारायचा फवारा स्वयंपाकघराच्या खिडकीत, नेहमीच्या जागी. डॉक्टर म्हणाले, तो वेळेवर मिळाला असता तर वाचले असते, अशा दुखण्यात माणसाला थोडा वेळ मिळतो. डॉक्टरांना काय, ते बोलून गेले. माझ्या लेकीने ते वाक्य गिळलं आणि तिच्या घशात ते तसंच अडकून राहिलं.

तेव्हापासून ती मागच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. नोकरीवर जात नव्हती. भरवलं तर खायची. लग्नाची बोलणी तिने थांबवली होती आणि एकच वाक्य बोलायची, मी गेले नसते तर बाबा एकटे नसते. हे तर गेलेच होते, आता पोरगीही डोळ्यांदेखत विझत चालली होती, आणि मला साधी भीतीसुद्धा वाटत नव्हती. कळत होतं सगळं. वाटत काही नव्हतं.

मी फरशीवरची नव्वी उचलली. खिशात पत्ता होता, म्हणजे समोर कोणीतरी बसलं होतं.

२

फोन मी नणंदेला केला. वन्सं ह्यांच्यापेक्षा मोठ्या. परीक्षा विभागात त्यांची नोकरी झाली, कॉपी पकडण्याच्या खात्यात. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला चहाच्या टेबलावर इतके प्रश्न विचारले होते की मला वाटलं आता निकाल टपालाने येणार. आमचं फारसं पटलं असं कधी झालं नाही. पण खोटं कुठे आहे हे त्यांना वासावरून कळतं, हे मला मान्य करावंच लागतं.

त्या आल्या, चपला काढल्या आणि पाणीसुद्धा न घेता मागच्या खोलीत गेल्या. मी दारातून बघत होते. खोली त्या दिवशी होती तशीच ठेवली होती. आवरायची इच्छाच झाली नव्हती. पत्त्यांचा कॅट टेबलाच्या खणात, डबीत बंद. समोरची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली.

"डबीत कोणी घातला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही, त्या दिवशीही तो डबीतच होता. आणि बोलता बोलता मलाच ते दिसलं. ह्यांनी उभ्या जन्मात कॅट डबीत घातला नाही. तो कायम टेबलावर पसरलेला, डबी कपाटावर धूळ खात. त्यावरून मी किती कटकट केली आहे. आणि खुर्ची आत सरकवणारा माणूस या घरात जन्मलाच नव्हता.

वन्संनी पत्ते मोजले. एक्कावन्न. कमी होती ती चौकट नव्वी.

"आमच्या गणित्याने हे आवरलेलं नाही," त्या म्हणाल्या. भावाला त्या लहानपणापासून गणित्याच म्हणत. "जो होता त्याने आवरलं. सगळं पुसलं आणि खिसा विसरला. या नव्वीबद्दल कोणाला बोललीस?"

कोणालाच नाही. लेकीलाही नाही.

"मग बोलू नकोस. प्रश्नपत्रिका फुटली की परीक्षेला अर्थ उरत नाही."

मी त्यांना वर्गातले तिघं सांगितले. एक दंतवैद्य, एक ग्रंथपाल बाई आणि आमचा होणारा जावई. तिघांचीही घरी ये-जा, तिघांना फवारा कुठे असतो ते ठाऊक. तिघंही त्या दिवशी दुसरीकडे होते असं तिघंही म्हणत होते. वन्संनी विचारलं, कोण चांगलं मोजतं? मी म्हटलं, जावई. हे म्हणायचे, या मुलाला झोपेतून उठवलं तरी बेरीज चुकणार नाही.

चहा घेताना त्यांनी मला नोकरीतला एक किस्सा ऐकवला. एका वर्षी पेपर फुटल्याची कुणकुण लागली, म्हणून आदल्या दिवशी गणितातले आकडे बदलले. तर एका पठ्ठ्याने जुन्या आकड्यांचं उत्तर लिहिलं, अगदी बिनचूक. त्या स्वतःच हसल्या. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात गं, त्यातून कोणी सापडत नाही, मी आयुष्यभर चुका वाचल्या, असं म्हणाल्या. मला हसू आलं नाही, पण चहाला चव आहे एवढं त्या दिवशी कळलं.

निघताना त्यांनी लेकीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग मला विचारलं, "जे निघेल ते तुला चालेल ना?"

मी म्हटलं, "ते एकटे नव्हते एवढं निघू दे. बाकी काहीही चालेल."

हे मी किती सहज बोलून गेले.

३

दंतवैद्य दुसऱ्या दिवशी आले. गोरे, गुबगुबीत, हात सारखे धुतल्यासारखे स्वच्छ. सरांच्या बहिणीला भेटायचं म्हणून फुलं घेऊन आले होते. वन्संनी फुलं माझ्याकडे दिली, त्यांना मागच्या खोलीत बसवलं आणि कॅट पुढे ठेवला.

"हा माझ्या भावाचा कॅट. एक पत्ता बाहेर आहे. तुम्हाला शिकवला तसा मोजून दाखवा. त्याचे विद्यार्थी काय शिकले ते मला बघायचंय."

डॉक्टर ओशाळले, पण बसले. ओठ हलवत, मध्येच थांबत पत्ते उलटत गेले. शेवटी कपाळ पुसत म्हणाले, उणे एक. लहान पत्ता बाहेर आहे.

मी दारात उभी होते. मला वाटलं चुकले. बाहेर तर नव्वी आहे, शून्य यायला हवं. वन्सं फक्त छान म्हणाल्या.

मग गप्पा. रविवारी ते कुठे होते, तर दवाखान्यात, एका पेशंटचा गाल सुजला होता. सरांशी वाकडं होतं का, तर हो, थोडं. डॉक्टर क्लबात पत्ते खेळत आणि भिडूला खुणेने मोजणी कळवायची युक्ती त्यांना हवी होती. सरांनी ती शिकवली तर नाहीच, वर झापलं. ती मोजणी नव्हे, चोरी आहे, म्हणाले. डॉक्टरांनी हे स्वतःहून सांगितलं. खोटारडा माणूस स्वतःहून सांगतो का? वन्संचा चेहरा म्हणत होता, सांगतोही.

उठता उठता ते दारात थांबले. सांगावं की नको, असं त्यांचं चाललं होतं.

"सर गेले त्या आठवड्यात मी त्यांना एक गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "आपल्या वर्गातल्याच एकाला क्लबातून हाकललं. खुणा करताना पकडलं. सर म्हणाले, ते नाव पुन्हा तोंडातून काढू नका, मी बघतो. मी शब्द दिला होता. ते गेले म्हणून शब्द काही जात नाही."

नाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ते गेल्यावर वन्सं म्हणाल्या, स्वतःचंच नाव असेल तर माणूस शब्द फार छान पाळतो.

४

दुपारी ग्रंथपाल बाई आल्या. शिडशिडीत, कमी बोलणाऱ्या. बोलल्या तरी आवाज असा की शेजारी कोणी वाचत बसलंय. रविवारी ग्रंथालय बंद, त्या घरीच होत्या, असं म्हणाल्या. पत्ते त्यांनी भराभर उलटले, ओठ न हलवता. संपताच म्हणाल्या, उणे एक.

आता मात्र मला कळेना. दोघंही कसे चुकतील? मी वन्संकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे न बघता टेबलावरची चहाची बशी थोडी सरकवली. तेव्हा मला बशीखाली पत्त्याची कड दिसली आणि उजाडलं. वन्संनी नव्वी कॅटमध्ये परत घातली होती आणि दुसराच कुठला तरी लहान पत्ता बाहेर काढला होता. मला न सांगता. आकडे बदलले होते.

कशासाठी ते मला अजून उमगलं नव्हतं.

वन्सं बाईंना म्हणाल्या, तुम्हीही त्या क्लबात जाता म्हणे? बाई म्हणाल्या, बघायला जाते, खेळायला नाही. कोणाला हाकललं ते त्यांना माहीत नव्हतं. मग वन्संनी टेबलावरचं एक पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. ग्रंथालयाचा शिक्का होता. शक्यतांवरचंच पुस्तक, ह्यांच्या नावे घेतलेलं. वन्सं म्हणाल्या, हे तुमच्याकडे परत करायचं राहिलं असेल.

बाईंनी पुस्तक उचलून शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

त्या म्हणाल्या, त्याच्या पुढचं पुस्तक सरांना हवं होतं. ते मी आणलं होतं, त्याच रविवारी. मी खोटं बोलले. खोटं अशासाठी की सर आत असताना मी दारातून परत गेले, हे मला कोणाला सांगवेना.

वन्संनी त्यांना पाणी दिलं.

"मी बेल वाजवली," बाई म्हणाल्या. "कोणी उघडलं नाही. पण आत कोणीतरी होतं. स्वयंपाकघरात पाऊल वाजलं. मला वाटलं सरच असतील, झोपेतून उठले असतील. मी पुन्हा बेल वाजवली, तर पाऊल थांबलं. सर मला टाळताहेत असं वाटून मला राग आला आणि मी गेले."

त्यांना रडू आलं. मला त्यांचा हेवा वाटला, खरंच.

पाऊल स्वयंपाकघरात वाजलं होतं. फवाऱ्याच्या खिडकीपाशी.

५

होणारा जावई संध्याकाळी नेहमीप्रमाणे आला. हे गेल्यापासून तो रोज येत होता. बँकेचे कागद त्याने भरले, गळका नळ त्याने दुरुस्त केला, लेक बोलली नाही तरी तिच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचा. माझं त्याच्यावाचून काहीही चाललं नसतं. दुकानात सगळे म्हणत, जावई नाही, मुलगाच मिळाला. मीही तेच म्हणत होते. वन्संनी त्याला मागच्या खोलीत बोलावलं तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की हा झाला की तिघं संपले, मग चौथा कोण ते शोधावं लागेल.

तो उंबऱ्यात क्षणभर थांबला. लेकीबरोबर त्या संध्याकाळी आला तेव्हाही तो तिथेच थांबला होता. लेक आत धावली, हा उंबऱ्यातच.

रविवारी उशीर कशाने झाला, वन्संनी विचारलं. कॉफीच्या दुकानात पोरगी वाट बघत बसली होती ना? तो म्हणाला, हो, बस बंद पडली. ते त्याने तेव्हाही सांगितलं होतं.

मग कॅट. एक पत्ता बाहेर आहे, मोजून दाखव.

त्याने पत्ते हातात घेतले. एकेक उलटत गेला, सारख्या चालीने, हात अगदी सफाईदार. पण मी भिंगं घासते. नजर कुठे पोचते आणि कुठे पोचत नाही हे बघणं माझं रोजचं काम. त्याची नजर पत्त्यांवर होती आणि पत्ते तिला दिसत नव्हते. शेवटचा पत्ता टाकून तो म्हणाला, "शून्य. सत्ती, अठ्ठी नाहीतर नव्वी."

वन्संनी मान डोलावली. "पुन्हा एकदा मोज. घाई नाही. हाच कॅट."

तो पुन्हा उलटू लागला. या वेळी मीही मनात मोजत होते. इतकी वर्षं दाराआडून ऐकून मलाही येतं. राजा, उणे एक. तिरी, अधिक एक. एक्का, दश्शी, छक्की. शेवटी माझं उणे एक आलं.

"शून्य," तो म्हणाला.

वन्संनी बशी उचलली. खाली बदाम पंजी होती.

६

"एकदा चुकलास तर मी चूक म्हटलं असतं," वन्सं म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तू चुकत नाहीस असं माझा भाऊ सांगायचा, तरीही म्हटलं असतं. पण दोन्ही वेळा शून्य? ती मोजणी नव्हे, ते पाठ केलेलं उत्तर आहे. ज्यांनी आज मोजलं त्यांचं उणे एक आलं. शून्य हे आजच्या कॅटचं उत्तर नाहीच. ते त्या रविवारच्या कॅटचं आहे. त्या दिवशी माझ्या भावाच्या खिशात चौकट नव्वी होती. हे मला ठाऊक होतं, हिला ठाऊक होतं. आणि जो समोर बसून मोजून गेला, त्याला फक्त शून्य ठाऊक होतं."

त्याने पंजी उचलून बाकीच्या पत्त्यांत ठेवली. नाकारेल असं मला वाटलं. नाकारलं असतं तर आमच्या हातात काय होतं? एक पत्ता आणि एक बेरीज. पण तो इतका थकलेला दिसत होता की त्याला कोणी विचारायचीच खोटी होती.

म्हणाला, मला त्या दिवसापासून मोजता येत नाही. पहिला पत्ता उलटला की सरांचा हात दिसतो.

मग त्याने सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्यांत. क्लबातून हाकललेला तोच. लेकीला तो संध्याकाळी प्रशिक्षण असल्याचं सांगून तिथे बसत होता. सरांना कळलं, तेव्हा त्यांनी त्याला रविवारी बोलावलं, तिला भेटण्याआधी मला भेट म्हणून. म्हणूनच लेकीला लवकर पिटाळलं होतं. आल्यावर ओरडले नाहीत. कॅट पिसला, पत्ता खिशात टाकला, म्हणाले, आधी मोज, डोकं थंड होईल. पत्ते उलटत असताना ते बोलत होते. आज तिला तू सांग, नाहीतर संध्याकाळी मी सांगेन. खोट्यावर माझ्या मुलीचं लग्न होणार नाही.

"मी शून्य म्हणालो," तो म्हणाला. "सर म्हणाले, शाबास. आणि छातीवरच्या खिशाला हात लावला. मला वाटलं पत्ता काढताहेत. मी वाट बघत होतो. हात तिथेच राहिला. मग म्हणाले, फवारा."

"आणि तू गेलास स्वयंपाकघरात," वन्सं म्हणाल्या.

"गेलो. फवारा हातात घेतला. तेवढ्यात बेल वाजली."

मी पहिल्यांदा तोंड उघडलं. मी विचारलं, "मग?"

तो माझ्याकडे बघू शकला नाही. "मग मी हिशोब करत उभा राहिलो, आई. ते वाचले तर संध्याकाळी सांगणार. ती सोडून जाण्याची शक्यता किती. दार उघडलं तर काय, नाही उघडलं तर काय. मारायचं असं मी ठरवलं नाही. मी काहीच ठरवलं नाही. हिशोब संपला तेव्हा आतून आवाज येत नव्हता."

फवारा त्याने होता तिथे ठेवला. कॅट डबीत घातला, खुर्ची सरकवली आणि कॉफीच्या दुकानात माझ्या लेकीला भेटायला गेला.

मला वाटलं आता तरी संताप येईल. मी त्याची वाट बघितली. टेबलावर पत्ते पसरलेले होते, ह्यांना आवडायचे तसे, आणि मला फक्त एवढं वाटलं की ते कोणीतरी गोळा करायला हवेत. तो म्हणाला, मी जाऊन तिला सांगतो.

"तुला वेळ होता," मी म्हटलं.

वन्संनी त्याला समोरच्या खोलीत नेऊन बसवलं. पोलिसांत काय सांगायचं ते त्या बघणार होत्या. मला म्हणाल्या, तू आत जा. मी म्हटलं, वन्सं, मी काय मागून बसले होते आठवतंय ना, ते एकटे नव्हते एवढं निघू दे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

७

लेक खिडकीकडे तोंड करून पलंगावर बसली होती. मी शेजारी बसले. कुठून सुरुवात करावी कळेना. कसंही सांगितलं तरी एका हाताने काढून दुसऱ्या हाताने द्यायचं होतं. न सांगावं असंही मनात आलं. त्याच्याशी लग्न मोडायला दुसरं काहीही कारण सांगता आलं असतं. पण मग ते वाक्य तिच्या घशात जन्मभर राहिलं असतं, आणि ते मला बघवलं नसतं.

मी म्हटलं, "बाबा एकटे नव्हते."

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की ते बघून मला गलबलून आलं. रंग आला, डोळ्यांत जीव आला. माझी पोरगी परत आली.

"खरंच?" ती म्हणाली. "कोण होतं त्यांच्याजवळ?"

टेबलावरच्या पत्त्यांतून उचलून आणलेली नव्वी मी तिला दाखवली आणि सगळं सांगितलं. काही मऊ केलं नाही, काही गाळलं नाही; फवारा, बेल, हिशोब. तू घरी असतीस तर, हा प्रश्न आता उरत नाही, हेही सांगितलं. तुझे बाबा मदत मागू शकले होते, ज्याच्याकडे मागितली तो उभा होता, दोष तुझा नाही. ती ऐकत होती. समोरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा तिने फक्त दाराकडे पाहिलं.

मग ती स्वतःचे तळहात उघडून त्यांच्याकडे बघत बसली.

"तो कॉफीच्या दुकानात आला ना," ती म्हणाली, "तेव्हा त्याचे हात गार पडले होते. मी विचारलं, एवढे गार कसे? मी माझ्या हातांत घेऊन चोळत बसले, आई. गरम होईपर्यंत."

मी तिचे हात धरले. भूल उतरताना दुखतं म्हणतात, ते खरं आहे. आम्ही दोघी तिथेच बसून रडलो, आणि बाहेर वन्सं पत्ते गोळा करून डबीत न घालता टेबलावर ठेवत होत्या.